ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारी हायस्कूलचा प्रवेश: अर्ज कुठे अडतो आणि कागद कसे जमवायचे

वुलंगॉंग, न्यूकॅसल, सेंट्रल कोस्ट या किनाऱ्यावरच्या गावांत नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांची गाडी मुलांच्या शाळेपाशी अडते, आणि दरवेळी त्याच दोन-तीन जागी अडते. सरकारी हायस्कूल म्हणजे इयत्ता सातवी ते बारावी. फॉर्म ऑनलाइन आहे, तो अर्ध्या तासात भरून होतो. त्यामुळे फॉर्मबद्दल इथे फार लिहिलेलं नाही.

सगळ्यात आधी व्हिसा बघा. नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट असाल तर थेट शाळेत अर्ज करा. तात्पुरत्या व्हिसावर असाल (500 म्हणजे विद्यार्थ्यांचा, 482 म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा, 485 म्हणजे इथलं शिक्षण संपल्यावरचा, किंवा यांतल्या एकातून दुसऱ्यात जाताना मिळालेला ब्रिजिंग व्हिसाही) तर शाळा तुम्हाला थेट घेऊ शकत नाही. आधी शिक्षण खात्याच्या टेम्पररी रेसिडेंट्स प्रोग्रामकडे अर्ज करायचा, तिथून ‘ऑथॉरिटी टू एन्रोल’ हे पत्र मिळवायचं आणि ते घेऊन शाळेत जायचं. लोक नेमकं उलटं करतात. शाळेत जातात, प्रिन्सिपल छान बोलतात, शाळा दाखवतात, घरी सगळ्यांना वाटतं की काम झालं. मग ऑफिसमधून पत्राची विचारणा होते आणि मूल काही आठवडे घरी बसतं. पत्र शाळा देत नाही, त्यामुळे शाळेच्या ऑफिसात कितीही विनंती केली तरी उपयोग नाही.

या अर्जाची वेगळी फी आहे. शिवाय अनेक व्हिसांवर शिक्षणाची वार्षिक फीही भरावी लागते, प्रत्येक मुलामागे वेगळी, आणि अकरावी-बारावीला जास्त. कोणत्या सबक्लासला (व्हिसाच्या क्रमांकाला) फी आहे आणि कोणाला माफी आहे, याची यादी खात्याच्या साइटवर असते. ओळखीच्यांनी दोन वर्षांपूर्वी किती भरली यावर विसंबून घरखर्चाचा हिशोब मांडू नका. आणखी एक: व्हिसा बदलला की जुनं पत्र चालत नाही. 500 वरून 485 वर गेलात तर मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेलं असलं तरी पुन्हा अर्ज करायचा. हे कोणी आठवण करून देत नाही, तारीख तुम्हीच लिहून ठेवा.

आता पत्त्याचा पुरावा. सर्वांत जास्त अर्ज इथेच परत येतात.

प्रत्येक सरकारी शाळेची हद्द ठरलेली असते. हद्दीत राहणाऱ्या पात्र मुलाला तिथे जागा मिळतेच, हद्दीबाहेरच्याला जागा उरली तर. ही हद्द कधीकधी एकाच रस्त्याच्या मधून जाते, म्हणून घराचं लीज सही करण्याआधी तो नेमका पत्ता, घर नंबरासकट, खात्याच्या ‘स्कूल फाइंडर’मध्ये घालून बघा. एजंटने ‘चांगल्या शाळेजवळ’ म्हटलं म्हणजे हद्दीत आहे असं होत नाही.

गर्दीच्या शाळा पत्त्यासाठी 100 गुणांचे कागद मागतात. एजंटमार्फत केलेलं किमान सहा महिन्यांचं लीज किंवा बॉंडची (भाड्याच्या डिपॉझिटची) पावती, कौन्सिलची रेट्स नोटीस (घरपट्टीचं बिल), घर खरेदीचा करार यांपैकी एकाच कागदाचे 40 मिळतात. दोन दिलेत तरी 40 च. एजंटशिवाय, थेट मालकाशी केलेला सहा महिन्यांचा करार 20 गुणांचा. सेंटरलिंकचं (सरकारी भत्ते देणाऱ्या ऑफिसचं) पत्त्यासह स्टेटमेंट किंवा मतदार यादीतली नोंद यांचेही वीस-वीस, पण नव्याने आलेल्या कुटुंबाकडे हे दोन्ही नसतात. उरलेले सगळे कागद 15 गुणांचे, आणि त्यांतली बिलं तीन महिन्यांच्या आतली हवीत: वीज किंवा गॅसचं बिल, पाण्याचं बिल, फोन किंवा इंटरनेटचं बिल, पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा किंवा सामानाचा विमा, गाडीचं रजिस्ट्रेशन, आणि राहत्या पत्त्याबद्दलचं स्टॅच्युटरी डिक्लरेशन (आपल्याकडच्या प्रतिज्ञापत्रासारखं).

कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात भाडेकरूकडे पाण्याचं बिल नसतं, कारण ते मालकाच्या नावावर जातं. विजेचं बिल अनेकदा तीन महिन्यांनी येतं, म्हणजे ऑक्टोबरात घर घेतलं तर पहिलं बिल जानेवारीत, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. प्रीपेड मोबाइलचं बिलच निघत नाही. म्हणून घर मिळालं की पहिल्या आठवड्यातच वीज कंपनीला मासिक बिल मागा, घरी इंटरनेट घ्या, आणि सामानाचा विमा ऑनलाइन काढा. विम्याचा कागद त्याच दिवशी ईमेलवर येतो. लीज 40, वीज 15, इंटरनेट 15, विमा 15 आणि डिक्लरेशन 15 असे 100 पूर्ण होतात, गाडी नसली तरी. प्रत्येक कागदावर आई किंवा वडिलांचं पूर्ण नाव हवं. इंटरनेट मावसभावाच्या नावावर घेतलं असेल तर ते 15 गुण गेले.

डिक्लरेशनवर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे कागद साक्षांकित करायला नेमलेली व्यक्ती, यांच्यासमोर सही करायची असते. हे लोक पैसे घेत नाहीत, बऱ्याच सार्वजनिक लायब्ररीत ठरलेल्या वेळी बसतात. सही घरून करून नेऊ नका, त्यांच्यासमोर करायची. आणि त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. चांगल्या शाळेसाठी मित्राचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

किनाऱ्यावरच्या गावांत एक जास्तीची अडचण आहे. अनेक मालक घर फेब्रुवारी ते नोव्हेंबर भाड्याने देतात आणि डिसेंबर-जानेवारीत सुट्टीवर येणाऱ्यांना. असं लीज सहा महिन्यांहून जास्त असल्याने चालतं, पण वर्षाअखेरीला घर सोडावं लागतं आणि पुढचं घर हद्दीबाहेर पडू शकतं. सुट्टीच्या भाड्याने घेतलेलं दोन महिन्यांचं घर मात्र 40 गुणांत बसत नाही. अशा वेळी किंवा दुसऱ्या कुटुंबासोबत खोली वाटून राहत असाल तर कागद जमेपर्यंत वाट बघू नका. जी काही कागदपत्रं आहेत ती घेऊन शाळेत जा आणि परिस्थिती सांगा. प्रिन्सिपलना विचार करायची मुभा असते.

जन्मदाखला. आपल्याकडच्या बऱ्याच दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. जन्मनोंदणी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे नाव नंतर घालता येतं. पहिले 12 महिने विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. सातवीत जाणारं मूल बारा वर्षांचं असतं, म्हणजे मुदत अजून आहे. पण हे काम निघण्याआधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घ्या, इथून करणं फार कटकटीचं होतं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही सोबत ठेवा. आईचं नाव दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं दुसरं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा, नाहीतर लीजवरची बाई आणि मुलाची आई एकच, हे ऑफिसला कळत नाही.

लसीकरणासाठी भारतातलं कार्ड पुरत नाही. हायस्कूललाही ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरचं स्टेटमेंट मागतात. कार्ड घेऊन जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा, त्यांना त्या नोंदी रजिस्टरमध्ये चढवायला सांगा, मग स्टेटमेंट काढा. स्टेटमेंट नाही म्हणून हायस्कूल प्रवेश नाकारत नाही, पण गोवराची साथ आली तर नोंद नसलेल्या मुलाला घरी थांबवता येतं.

इयत्ता ठरते वयावर. 31 जुलैपर्यंत 12 पूर्ण होणारं मूल साधारण त्या वर्षी सातवीत असतं. सप्टेंबर 2013 चा जन्म असलेला मुलगा भारतात एप्रिल 2026 मध्ये सातवी पास होतो, आणि मे महिन्यात इथे आला की पुन्हा सातवीत बसतो. मुलगा मागे पडला असं समजून यावर भांडू नका, त्याच्या वयाची मुलं त्याच वर्गात आहेत.

खरी काळजी दहावी करून येणाऱ्यांची. इथलं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. अकरावीचा अभ्यासक्रम पहिल्या तीन टर्ममध्ये संपतो आणि ऑक्टोबरपासून बारावीचा एचएससी (इथल्या बारावीच्या बोर्ड परीक्षेचा) कोर्स सुरू होतो. दहावीचा निकाल घेऊन जुलैत आलेल्या मुलाच्या हातात अकरावीची एकच टर्म उरते, आणि अकरावीचे किमान 12 युनिट (विषय मोजायचं माप) नीट पूर्ण झाल्याशिवाय पुढचं अवघड. अशा मुलाने पुढच्या जानेवारीत अकरावी सुरू करणं बहुतेक वेळा बरं. इंग्रजी सोपं जावं म्हणून ईएएलडी (इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीचा इंग्रजीचा) कोर्स मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: अकरावीआधी इंग्रजी माध्यमात पाच वर्षांहून जास्त शिकलेलं मूल त्याला पात्र नसतं. पुण्या-ठाण्याच्या इंग्रजी शाळेतली मुलं इथेच बाद होतात.

सिलेक्टिव्ह (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी) हायस्कूलची, म्हणजे वुलंगॉंगचं स्मिथ्स हिल, न्यूकॅसलचं मेरीवेदर, गॉसफर्ड हायस्कूल यांची वाट वेगळी आहे. सातवीच्या प्रवेशासाठी अर्ज मूल पाचवीत असताना नोव्हेंबरात सुरू होतो, फेब्रुवारीत बंद होतो आणि परीक्षा सहावीत मे महिन्यात होते. ‘सहावीत बघू’ म्हणणाऱ्यांची मुदत गेलेली असते. तात्पुरत्या व्हिसावर इथे प्रवेश मिळत नाही.

हद्दीबाहेरच्या शाळेने नकार दिला तर कारण लेखी मागा. आधी प्रिन्सिपलकडे अपील, तिथे नाही जमलं तर डायरेक्टर, एज्युकेशनल लीडरशिप (प्रिन्सिपलच्या वरचे खात्याचे अधिकारी) यांच्याकडे. अपील चालू असताना मुलाला हद्दीतल्या शाळेत घालून टाका; तिथली जागा त्याच्या हक्काची आहे आणि नंतर शाळा बदलता येते.