मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी: एका तपासणीची पार्श्वभूमी

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, चित्रात चरबी काळसर दिसते, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनांत ग्रंथी व तंतुमय ऊतींचे प्रमाण जास्त असते, त्यांना डॉक्टर 'दाट' स्तन म्हणतात. तेथे पांढऱ्यात पांढरे शोधावे लागते आणि गाठ नजरेतून सुटू शकते. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनोग्राफीत मात्र ग्रंथींची ऊती उजळ आणि बहुतेक कर्करोगाच्या गाठी काळपट दिसतात. दोन तपासण्या एकमेकींना पूरक ठरतील, ही कल्पना या साध्या फरकातून निघते. ती सिद्ध व्हायला मात्र साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

सुरुवात अमेरिकेतील मिनेसोटा येथे झाली. मूळचे ब्रिटिश असलेले शल्यविशारद जॉन वाइल्ड आणि विद्युत अभियंता जॉन रीड यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी, नौदलाच्या रडार प्रशिक्षणासाठी बनवलेल्या उपकरणाचा आधार घेऊन, जिवंत ऊतींतून परतणाऱ्या ध्वनिलहरी टिपल्या आणि स्तनातील गाठींवर त्यांचा प्रयोग केला. म्हणजे कर्करोगाचा शोध हा सोनोग्राफीच्या अगदी पहिल्या उद्दिष्टांपैकी एक होता, हे आज सहसा विसरले जाते. पण त्या काळच्या यंत्रांची चित्रे धूसर होती, आणि पुढील अनेक वर्षे सोनोग्राफीकडे एकच काम राहिले: हाताला लागलेली गाठ पाण्याची आहे की भरीव, हे सांगणे. कर्करोगाची पहिली खूण ठरू शकणारे कॅल्शियमचे बारीक कण तिला नीट दिसत नसत. मॅमोग्राफी ते सहज टिपत असे.

दरम्यान मॅमोग्राफीने आपले स्थान पुराव्याने पक्के केले. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुमारे ६२ हजार स्त्रियांवर सुरू झालेल्या चाचणीत, हाताने केलेल्या तपासणीबरोबर मॅमोग्राफी दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले. स्वीडनमधील चाचणीनेही १९८५ मध्ये तसाच निष्कर्ष मांडला. मात्र १९७६ मध्येच डेट्रॉइटचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी दाट ऊतींचा आणि कर्करोगाच्या वाढत्या धोक्याचा संबंध दाखवून दिला होता. ज्या स्तनात गाठ लपणे सोपे, त्याच स्तनात ती होण्याची शक्यताही जास्त, ही गोष्ट माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारी आहे.

१९९५ मध्ये अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ थॉमस स्टाव्ह्रोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींच्या अभ्यासातून, सोनोग्राफीत निरुपद्रवी आणि संशयास्पद गाठी कशा ओळखाव्यात याची लक्षणे मांडली. भरीव गाठीबद्दल सोनोग्राफी काही सांगू शकते, हे तेव्हा ठामपणे पुढे आले. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ वेंडी बर्ग यांच्या नेतृत्वाखालील बहुकेंद्री अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात दाट स्तन आणि सरासरीपेक्षा जास्त धोका असलेल्या स्त्रियांत मॅमोग्राफीने दर हजारी ७.६ कर्करोग सापडले, दोन्ही मिळून ११.८. पण सोनोग्राफीने संशयित ठरवून बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झालेल्यांपैकी जेमतेम ९ टक्के स्त्रियांनाच खरोखर कर्करोग निघाला. जास्त सापडते आणि जास्त स्त्रिया विनाकारण घाबरतात, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. शिवाय त्या अभ्यासात प्रत्येकीच्या दोन्ही तपासण्या झाल्या होत्या, त्यामुळे तुलनेसाठी केवळ मॅमोग्राफीचा स्वतंत्र गट नव्हता.

ही उणीव जपानने भरून काढली. तेथे हा रोग चाळिशीत बराच आढळतो आणि त्या वयात स्तन दाट असतात. म्हणून पाश्चात्त्य देशांचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नव्हते. तोहोकू विद्यापीठाचे नोरिआकी ओहुची यांच्या नेतृत्वाखाली २००७ ते २०११ या काळात ४० ते ४९ वयाच्या ७२,९९८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने दोन गटांत विभागले. सोनोग्राफी जोडलेल्या गटात १८४ कर्करोग सापडले, नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात ११७. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणांवरून उघड झालेले कर्करोग पहिल्या गटात १८ आणि दुसऱ्यात ३५ होते, आणि मला हा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण तपासणीतून निसटलेला रोग तोच असतो. रोग असताना तो पकडण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. रोग नसताना तसे अचूक सांगण्याचे प्रमाण मात्र ९१.४ वरून ८७.७ टक्क्यांवर उतरले. मृत्यू कमी होतात का, या प्रश्नाचे उत्तर मात्र या पहिल्या निष्कर्षांत नव्हते. त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा लागतो.

अमेरिकेत दाट स्तनांची माहिती स्त्रीला देण्याचा आग्रह एका रुग्णाने धरला. अनेक वर्षे मॅमोग्राफी निर्धोक आल्यानंतर २००४ मध्ये पुढच्या टप्प्यातील कर्करोग निघालेल्या नॅन्सी कॅपेलो यांच्या प्रयत्नांतून कनेक्टिकट राज्याने २००९ मध्ये तसा कायदा केला, आणि सप्टेंबर २०२४ पासून तो नियम देशभर लागू झाला.

भारतात सोनोग्राफी यंत्रांवर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे कडक बंधन आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये केला. जपानी अभ्यासात प्रशिक्षित तंत्रज्ञही तपासणी करत होते. येथे प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि ते चालवणाऱ्याची पात्रता हे प्रश्न आधी येतात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेली मोठी चाचणी, याच कारणाने नव्हे पण परवडणाऱ्या उपायाच्या शोधात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने करायच्या तपासणीवर आधारलेली होती.