कलम चालवायचं की कलम बांधायचं

दहावीचा निकाल लागला की तळकोकणात पोराला पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा नाही. ‘मग, मुंबईक कधी जातलस?’ रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं बोर्ड २०१२ साली झालं. तेव्हापासून दरवर्षी राज्यात निकालात पहिलं कोण, हे विचारायची गरज उरलेली नाही. इतकी शिकलेली पोरं गावात मात्र दिसत नाहीत. आयटीआयचा फिटरही जातो आणि बीकॉमवालाही जातो. इथे शिक्षणाचं आणि गाव सोडण्याचं नातं जुनं आहे, ते चाकरमान्यांच्या एसटीच्याही आधीचं.

कंपनी सरकारच्या काळात पंतोजीच्या शाळेत मोडी, पाढे आणि हिशेब शिकवत. त्यावर कुठे कारकुनी मिळायची, कुठे खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, दप्तरात बसायला मिळायचं. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णैला उतरले आणि त्यांनीही शाळाच काढल्या. हातातलं काम या कुठल्याच शाळेत नव्हतं, कारण ते शिकायची जागा वेगळी होती. सुताराचा पोर बापाच्या पडवीत शिकायचा, गलबत बांधणारा किनाऱ्यावर, खलाशी थेट डोलकाठीवर. जात होती तोच प्रवेश आणि बाप होता तोच मास्तर. ज्याचा बाप कारागीर, त्याला शाळेची गरज नव्हती. आणि जो शाळेत गेला, त्याला हात मळवायचे नव्हते. ही फाळणी पुढच्या दोनशे वर्षांत कुठल्याच योजनेला नीट सांधता आलेली नाही.

कागदाची किंमत काय होती ते धोंडो केशव कर्व्यांच्या एका प्रवासावरून कळतं. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा सतरा वर्षांचा असताना सरकारी नोकरीला लागणारी परीक्षा द्यायला साताऱ्याला निघाला. साल साधारण १८७५. सोबतीला गावातलीच दोनचार मुलं, वाटेत पाऊस आणि कुंभार्ली घाट. सुमारे ११० मैलांची ती वाट चार दिवसांत पायी तुडवली. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी कर्व्यांकडे पाहिलं आणि ‘हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही’ म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. शाळेचा दाखला खिशात होता, पण अंगलट आडवी आली. पुढे त्यांनी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली. महिला विद्यापीठाचे कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र घाटातला तो भिजलेला पोरगा जास्त कोकणी वाटतो.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायची वाट उघडली, आणि आज ज्याला आपण ‘अनुदानित खासगी शाळा’ म्हणतो तिचं मूळ तिथे सापडतं. दापोलीची मिशन शाळा याच वाटेवरची. आल्फ्रेड गॅडने या पाद्र्याचं नाव ती आजही लावते. पांडुरंग वामन काणे तिथे शिकले, साने गुरुजीही. पण दार सगळ्यांना सारखं उघडत नव्हतं. त्याच दापोलीच्या कॅम्पात पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत होते. त्यांच्या मुलांना शाळेत बसू द्यावं म्हणून अर्जविनंत्या कराव्या लागल्या. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. हाताच्या कामाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या हाताचंच काम मारलं, त्यांना शाळेकडून लेखणीच हवी होती, आणि तसं वाटणं अगदी रास्त होतं.

लेखणी आणि हात यांची ही फाळणी सरकारच्याही लक्षात आली नव्हती असं नाही. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने माध्यमिक शाळेचे दोन फाटे सुचवले, एक विद्यापीठाकडे आणि दुसरा व्यवहाराकडे. दुसऱ्या फाट्याला पालक फारसे फिरकलेच नाहीत. रत्नागिरीत सुतारकाम शिकवणारं ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ होतं, पण आज गावात कुणाला त्याचं नाव विचारून पाहा. उलट खाली मंगळुरात बाझल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना घातला आणि लोकांना त्या कामात तयार केलं. त्या कौलांनी पुढे आख्ख्या कोकणची घरं शाकारली. नळ्यांची छपरं उतरवून आपण मंगलोरी कौलं चढवली. शिकले ते, आणि विकत घेतलं आपण.

इथली खरी शाळा उभी राहिली मुंबईच्या पैशावर. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, गिरण्या वाढत होत्या, बोटी भरभरून माणसं जात होती. गेलेल्यांनी मनीऑर्डरी पाठवल्या आणि मग शाळा बांधल्या. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलचं नावच मुंबईत व्यापार केलेल्या देसायांचं. गावोगावच्या माध्यमिक शाळांत आजही दोन समित्या असतात: गावातली शालेय समिती आणि ‘मुंबई कमिटी’. खरी सत्ता दुसरीकडे. माझ्या शाळेच्या व्हरांड्यात संगमरवरी पाट्यांची ओळ होती: कुणा आईच्या स्मरणार्थ एक वर्गखोली, कुणा बापाच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी. देणारे सगळे गिरणगावातले किंवा गिरगावातले. मे महिन्यात मुंबई कमिटी यायची, कोकम सरबत प्यायची, आणि पाणी गळणाऱ्या पत्र्यांवरून मुख्याध्यापकांची झडती व्हायची. गणिताच्या मास्तरांची जागा वर्षभर रिकामी राहिली, तर वर्गणी काढून पोटापुरता पगार देऊन कुणीतरी ठेवलं जायचं. ज्यांनी गाव सोडलं त्यांनी चालवलेली शाळा गावात राहायला कसं शिकवणार? कुणी मुद्दाम तसं ठरवलं नव्हतं. पाटीवरचं नावच रोज सांगत होतं की मोठा झालेला माणूस तोच, जो गेला.

याला उलटा घाट घालायचा प्रयत्न एकाच माणसाने मनापासून केला. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, १९३७ पासून चर्चेत होती, पण अप्पासाहेब ती अंगावर घेऊन जगले. ब्राह्मण घरातला हा माणूस मेलेलं ढोर स्वतः सोलायचा, कातडं कमवायचा, संडासाच्या सोनखताचे प्रयोग करायचा. कोकणाने त्यांना ‘कोकणगांधी’ म्हणून डोक्यावर घेतलं आणि पोरांना टायपिंगच्या क्लासला घातलं.

स्वातंत्र्यानंतरचा हिशेब भरभर सांगता येतो. १९५० पासून केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना आणि तिच्यातून आयटीआय, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, ऐंशीच्या दशकाअखेर अकरावी-बारावीला एमसीव्हीसी हा व्यावसायिक अभ्यासक्रम. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला परवानगी दिली आणि ‘संस्थाचालक’ नावाचा नवा खोत जन्माला आला. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द आला, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ गेला, मधल्या काळात शिक्षकांची एक पिढी बिनपगारी किंवा अर्धपगारी म्हातारी झाली. सत्तरनंतर आखाताचं दार उघडलं तेव्हा खेड-चिपळूण-महाडकडच्या मोहल्ल्यांतून वेल्डर, वायरमन, एसी मेकॅनिक निघाले. तिथे सर्टिफिकेट खरोखर चाललं, पण तेही विमानाच्या तिकिटासारखंच.

हाताचं काम शाळेतून गावात परतल्याचं एकच ठळक उदाहरण मला दिसतं, आणि ते दापोलीचं. १९७२ मध्ये तिथे कृषी विद्यापीठ झालं. पूर्वी आंब्याचं भेट कलम बांधायचे: रोपाची कुंडी उचलून झाडाच्या फांदीशी न्यायची, दोन्ही सोलून एकत्र बांधायची आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. कोय कलमाने ते काम मांडीवर आणलं. पावसाळ्याच्या तोंडाला कोयी रुजत घालायच्या. दहा-पंधरा दिवसांचा, अजून तांबूस पानांचा कोंब वितीहून कमी उंचीवर छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पानं काढलेल्या हापूसच्या काडीला पाचर करून ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. सगळी कला आवळण्यात. सैल राहिली तर पाणी शिरतं, जास्त ओढली तर कोंब चिरडतो. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली आणि लाखांनी कलमं लागू लागली. दापोली, वेंगुर्ला, लांजा या पट्ट्यात रोपवाटिका निघाल्या. कितीतरी बायाबापड्यांनी हे काम उचललं. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हातात कसला दाखला होता.

त्या कलमांच्या बागा आता वयात आल्यात. रत्नागिरी-देवगडकडे मोहोर आला की बागेत राखणीला, फवारणीला, झेला, म्हणजे जाळी लावलेली काठी, घेऊन आंबा उतरवायला नेपाळी माणसं असतात, बऱ्याचदा बायकामुलांसकट. छाटणी कुठे घ्यायची, कुठला आंबा तयार झालाय आणि कुठला अजून आठ दिवस ठेवायचा, हे त्यांतल्या जुन्या गड्यांना बागवाल्याच्या मुलापेक्षा चांगलं समजतं. ते पहिल्या हंगामात बागेतच शिकले, आधी आलेल्या भावाकडून.