मधाची दारू आणि उपाशी यीस्ट

मागच्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला मंदारच्या बेसमेंटमध्ये आम्ही चौघांनी मीड लावली, म्हणजे विरजण लावावं तशीच, मध, पाणी, चिमूटभर यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करणारे सूक्ष्मजीव) आणि बास. मीड म्हणजे मधाची दारू, आणि नावही अगदी परकं नाहीये, संस्कृतातलं मधु आणि हे मीड एकाच जुन्या मुळातून आलेत. आधीच सांगतो, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, तिकडे हा उद्योग करू नका. इकडे अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर दोन सज्ञान माणसांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन केलेली चालते आणि मीड त्यातच धरतात, फक्त विकायची नाही.

आता गंमत बघा, मध वर्षानुवर्षं फडताळात पडून राहतो तरी आंबत नाही. कारण त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, बाकी बहुतेक सगळी साखर. एवढ्या दाट साखरेत यीस्टची पेशी पडली की तिच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ना, अगदी तसं. म्हणजे मीड करायची तर आधी मधात पाणी घालून त्याची ही ताकद मोडायची. आम्ही १.३६ किलो मध (इकडे तीन पाउंडाची बरणी मिळते) पाण्यात ढवळून एक गॅलन केलं, म्हणजे पावणेचार लीटर. हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती नळी) बुडवला तर १.१०५, साध्या पाण्याचं १.००० असतं, साखर संपत जाते तसा आकडा खाली येतो. झाकणाला एअरलॉक लावला, गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही असला तो छोटा नळा, आणि खुशीत बिर्याणी खाऊन घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी मंदारचा फोन, "अरे बेसमेंटमध्ये अंडी सडल्यासारखा वास येतोय, बायको घराबाहेर काढेल."

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. झालं असं की यीस्टला साखर मिळाली ढिगाने, पण नुसत्या साखरेवर नवीन पेशी बनत नाहीत, त्याला प्रोटीन लागतं आणि प्रोटीनसाठी नायट्रोजन. द्राक्षाच्या रसात तो बऱ्यापैकी असतो, बार्लीत भरपूर, मधात मात्र जवळपास नाहीच. एखाद्या पोराला तिन्ही त्रिकाळ नुसतं श्रीखंड घालून वाढवायला बघावं तसला प्रकार. यीस्ट सल्फेटपासून सल्फाइड बनवतं, ते नायट्रोजनवाल्या साखळीला जोडून त्याचं अमिनो अ‍ॅसिड करायचं असतं, पण जोडायला साखळीच नाही मग ते सल्फाइड गॅस होऊन बाहेर, आणि आपलं नाक असं की हा वास अगदी किंचित असला तरी पकडतं.

उपाय म्हणजे न्यूट्रिएंट, यीस्टचं पोषण. दुकानातून पांढरी पावडर आणली, आमच्यातल्या पक्याने डबा वाचला आणि हसायलाच लागला, "अरे हे तर डीएपी, आम्ही उसाला टाकतो की!" खरंच तेच, डायअमोनियम फॉस्फेट, फक्त खाण्याच्या दर्जाचं (गोणीतलं खत घालू नका बरं का). उसाला खत टाकणाऱ्याच्या सवयीने त्याने चमचाभर पावडर सरळ बरणीत ओतली आणि पुढच्या दोन सेकंदात फेसाचा कारंजा वर, मंदारच्या नव्या कार्पेटवर, पक्याच्या चष्म्यावर, सगळीकडे. कारण त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ठासून विरघळलेला असतो आणि पावडरचा एकेक कण त्याला बुडबुडा धरायला जागा देतो, मग सगळे एकदम सुटतात. आधी हळूहळू ढवळून गॅस काढायचा आणि पावडर पाण्यात विरघळवून घालायची, तीही सगळी एकदम नाही, दिवसाआड वगैरे थोडी थोडी, साधारण एक तृतीयांश साखर संपेपर्यंत. नंतर अल्कोहोल वाढलं की यीस्टला ती घेता येत नाही.

गॅस किती निघतो हे मी नंतर हिशोब करून बघितलं. साखरेचं वजन जवळपास निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मं गॅस, म्हणजे आमच्या एका बरणीतून अडीचशे लीटरच्या आसपास! म्हणून झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, काचेचा बॉम्बच तो.

मंदारच्या बायकोची शंका वेगळी, "आंधळे तर नाही ना होणार?" आंधळं करतं ते मिथेनॉल, आणि ते मुख्यतः फळातल्या पेक्टिनमधून (जॅम घट्ट होतो तो ज्याच्यामुळे) येतं, मधात ते नसल्यासारखंच, आणि आपण काही भट्टी लावून ऊर्ध्वपातन करत नाही. विषारी दारूत माणसं मरतात ती बहुतेक वेळा त्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्याने.

सहा आठवड्यांनी हायड्रोमीटर १.००० वर आला. आधीच्या आणि आताच्या आकड्यातला फरक गुणिले १३१, म्हणजे पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. चव? थिनर. हीटरच्या शेजारी ठेवली होती, गरमीत यीस्ट जड अल्कोहोलं जास्त बनवतं आणि ती घशाला जाळतात. काही महिने मुरली तर सुधारते म्हणून सहा बाटल्या भरून "गुढीपाडव्याआधी हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. फेब्रुवारीत मोजल्या तेव्हा चार होत्या आणि पक्या म्हणतो त्याला काही माहीत नाही.