१९६७ चा 'गलाह' दौरा: संमिश्र नियमांच्या फुटबॉलची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि आयर्लंडचा गेलिक फुटबॉल हे दोन्ही खेळ आपापल्या देशात अफाट लोकप्रिय असूनही त्यांतील खेळाडूंना देशाच्या जर्सीत खेळण्याची संधी जवळजवळ नव्हतीच. कारण समोर उभा राहील असा दुसऱ्या देशाचा संघच नव्हता. आयर्लंडमध्ये ही उणीव अधिकच बोचणारी होती. गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या सदस्यांना सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट हे 'परकीय' खेळ खेळण्यास मनाई होती आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्यामुळे उत्तम गेलिक खेळाडूची झेप काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) संघापर्यंत आणि फार तर काउंटींमधील ऑल-आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंतच जाऊ शकत होती.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न कोणत्याही संघटनेने नव्हे, तर मेलबर्नच्या हॅरी बाइत्झेल यांनी केला. पूर्वी पंच असलेले आणि पुढे रेडिओवरील समालोचक म्हणून नावारूपाला आलेले बाइत्झेल यांनी गॅलवे आणि मीद या काउंटींमधील १९६६ चा ऑल-आयर्लंड अंतिम सामना टेलिव्हिजनवर पाहिला. उंच उडी घेऊन झेललेला चेंडू, हातातून सोडून मारलेली लांब किक, धावता धावता केलेली हातपास हे सारे त्यांना ओळखीचे वाटले आणि त्यांनी गेलिक असोसिएशनच्या डब्लिनमधील मुख्यालयाला, क्रोक पार्कला, पत्र लिहून सामन्याचा प्रस्ताव मांडला. या साम्यावरून दोन्ही खेळ एकाच मुळातून आले, असे अनेकदा सांगितले जाते. मात्र त्याला भक्कम पुरावा नाही. मेलबर्नचे नियम १८५९ मध्ये लिहिले गेले, तर गेलिक फुटबॉलचे १८८५ मध्ये. दौऱ्याची कल्पना सुचायला साम्य पुरेसे होते, वंशावळीची गरज नव्हती.

त्यातूनच १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा एक संघ आयर्लंडला निघाला. कार्ल्टन क्लबचे कर्णधार-प्रशिक्षक रॉन बरासी यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या या संघात साउथ मेलबर्न क्लबचे बॉब स्किल्टन यांच्यासारखे नामांकित खेळाडू होते. भडक पोशाखामुळे त्यांना 'गलाह' हे नाव पडले. गलाह हा गुलाबी-करड्या रंगाचा काकाकुवा. ऑस्ट्रेलियात मूर्ख माणसालाही हाच शब्द वापरतात. तेच नाव संघाला कायमचे चिकटले.

खेळाची मुख्य चौकट गेलिकचीच होती. लंबगोल चेंडू आणि लंबगोल मैदान यांची सवय असलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंना गोल चेंडूशी आणि आयताकृती मैदानाशी जुळवून घ्यावे लागले. गोलरक्षक ही जागाही त्यांच्या खेळात नसतेच. असे असूनही १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये क्रोक पार्कवर त्यांनी नुकत्याच ऑल-आयर्लंड विजेत्या ठरलेल्या मीदला ३-१६ विरुद्ध १-१० असे हरवले. गेलिक गणनेत पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा एकेरी गुणांचा असतो; एका गोलाचे तीन गुण धरले जात असल्याने हा निकाल २५ विरुद्ध १३ असा होतो, म्हणजे आयर्लंडच्या दृष्टीने धक्कादायकच. पाठोपाठ मेयो काउंटीही हरली. परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कच्या गेलिक पार्कमध्ये मात्र स्थानिक गेलिक संघाविरुद्धचा सामना हाणामारीपर्यंत गेला आणि गलाह संघाला पराभव पत्करावा लागला.

या दौऱ्याचे खरे मोल त्याला मिळालेल्या उत्तरात आहे, असे मला वाटते. १९६८ मध्ये मीदचा संघ ऑस्ट्रेलियात गेला आणि पाचही सामने जिंकून परतला. त्याच वर्षी गलाह पुन्हा निघाले आणि १९७० मध्ये केरीचा संघ ऑस्ट्रेलियात खेळला. मात्र ही सारी देवाणघेवाण मुख्यतः वैयक्तिक उत्साहावर चालली होती.

अधिकृत कसोटी मालिका सुरू व्हायला १९८४ उजाडले. १८८४ मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक संघटनेचे ते शताब्दी वर्ष होते. आता नियमही खऱ्या अर्थाने संमिश्र झाले: चेंडू गोल आणि मैदान आयताकृती राहिले, पण ऑस्ट्रेलियन पद्धतीची पकड (टॅकल) आणि किक झेलल्यावर मिळणारी 'मार्क', म्हणजे अडथळ्याविना किक मारण्याची संधी, यांना जागा मिळाली. जाळ्यातील गोलाला सहा, आडव्या दांडीवरून गेलेल्या चेंडूला तीन आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्याला एक गुण, अशी गणना ठरली. आयर्लंडमध्ये झालेली ती तीन सामन्यांची मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली.

दरम्यान बरासी मेलबर्न संघाचे प्रशिक्षक झाले होते आणि आयर्लंडमध्ये पाहिलेले गुण ते विसरले नव्हते. त्यांच्याच काळात मेलबर्नने आयर्लंडमधून तरुण खेळाडू आणण्यास सुरुवात केली. त्यांपैकी डब्लिनचे जिम स्टाइन्स यांनी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, ब्राउनलो पदक, पटकावले.