अर्धवट भरलेल्या फॉर्मचा मसुदा कुठे ठेवावा?

मोबाइलवर मोठा फॉर्म भरताना मध्येच फोन येतो, आणि ॲपमध्ये परत यावे तर सारे रकाने कोरे झालेले असतात. मेमरी कमी पडू लागली की अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणाली पडद्यामागे गेलेल्या ॲपची प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) बंद करतात, आणि त्या क्षणी ॲपला सूचना मिळेलच असे नाही. त्यामुळे ‘बाहेर पडताना सेव्ह करू’ हा बेत भरवशाचा नाही. अँड्रॉइडमधला व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनवरची माहिती मेमरीत धरून ठेवणारा घटक, स्क्रीन आडवी केली तरी टिकतो, पण प्रक्रियेबरोबर तोही जातो.

मग टाइप होईल तसे थेट मूळ नोंदीत लिहावे का? तसे केल्यास अर्धाच टाइप झालेला फोन क्रमांक ॲपच्या इतर याद्यांमध्ये दिसू लागतो आणि सिंक होऊन सर्व्हरवरही पोहोचतो. शिवाय ‘रद्द करा’ म्हटल्यावर परत जायला जुनी किंमत (रकान्यातली आधीची माहिती) उरत नाही. फॉर्म उघडताच डेटाबेसचा व्यवहार (सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकही होत नाही असा गट) सुरू करून तो शेवटपर्यंत उघडा ठेवणे हा उपाय वरवर नेटका वाटतो, पण तो आणखी घातक आहे. बहुतेक फोनमध्ये वापरला जाणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस एका वेळी एकालाच लिहू देतो, त्यामुळे बाकीचे लेखन खोळंबते. आणि प्रक्रिया मध्येच संपली तर अपुरा व्यवहार तो नियमाप्रमाणे मागे घेतो, म्हणजे जे वाचवायचे होते तेच पुसले जाते.

माझ्या मते मसुद्याला स्वतःचे वेगळे टेबल द्यावे. त्यात मूळ टेबलाचे कडक निर्बंध नसावेत, कारण अपुरी तारीख ही मसुद्यात चूक नसते. टायपिंग थांबल्यावर साधारण अर्ध्या सेकंदाने, तसेच ॲप मागे जाताना, मसुदा लिहावा. मुद्दाम रिकामा केलेला रकाना आणि हातच न लावलेला रकाना यांतला फरकही नोंदवावा, नाहीतर कोरी जागा चांगल्या माहितीवर बसते. पासवर्ड मात्र मसुद्यात कधीच साठवू नये.

खरी कसोटी पुढे आहे. मसुदा पडून असताना तीच नोंद दुसऱ्या उपकरणावरून बदलली तर? १९८१ मध्ये एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन या संगणकशास्त्रज्ञांनी नोंदीला कुलूप न लावता, म्हणजे इतरांना न अडवता, काम करू देऊन शेवटी पडताळणी करण्याची पद्धत मांडली. तीच इथे उपयोगी पडते. मसुदा सुरू होताना नोंदीचा आवृत्ती क्रमांक (प्रत्येक बदलाबरोबर वाढणारा) आणि मूळ किंमती टिपून ठेवायच्या आणि सेव्ह करताना ‘क्रमांक तोच असेल तरच बदल’ अशी अट घालायची. टेबलातली एकही ओळ बदलली नाही, तर नोंद मधल्या काळात बदललेली किंवा काढून टाकलेली असते. नोंद अजून असेल, तर मूळ, सध्याची आणि मसुद्यातली अशा तिन्ही किंमती ताडून, जिथे दोन्हीकडून वेगवेगळे बदल झाले तेवढ्याच रकान्यांबद्दल वापरकर्त्याला विचारावे. नोंद बदलणे आणि मसुदा पुसणे एकाच व्यवहारात करावे. नाहीतर मध्येच ॲप बंद पडल्यास आधीच सेव्ह झालेला मसुदा पुढच्या वेळी पुन्हा समोर येतो.