गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) आणले की बरेच जण ते थर्मोकोलमध्ये टोचून ठेवतात. पाय वाकत नाहीत आणि हवा तो आयसी चटकन सापडतो. पण या भागांसाठी याहून वाईट जागा शोधूनही मिळायची नाही. थर्मोकोल जरा घासला तरी त्यावर स्थिर वीज जमते, आणि तो विद्युतरोधक असल्यामुळे ती निघून जात नाही.

मॉस्फेटच्या आत गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. आयआरएफ ५४० सारख्या नेहमीच्या मॉस्फेटच्या गेटवर २० व्होल्टच्या वर जाऊ नका, असं डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) बजावते. हिवाळ्यात स्वेटर काढून दाराच्या कडीला हात लावल्यावर जो झटका बसतो, तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढचा असतो. त्याखालचं आपल्याला जाणवतच नाही. म्हणजे काही न कळता आपल्याच बोटाने भाग जळू शकतो. त्याहून त्रासदायक म्हणजे कधीकधी पापुद्रा फक्त दुखावतो. भाग तपासणीत पास होतो आणि महिन्यांनंतर भर कामात दगा देतो.

म्हणून असे भाग ज्या गुलाबी आणि चंदेरी पिशव्यांमध्ये ठेवतात, त्यांच्यातला फरक ओळखायलाच हवा. गुलाबी पिशवी घासली तरी तिच्यावर फारसा विद्युतभार तयार होत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून येणारी वीज ती अडवत नाही, आणि तिच्यातलं रसायन काही वर्षांत निकामी होतं. चंदेरी पिशवीत प्लास्टिकच्या थरांमध्ये धातूचा पातळ थर असतो. १८३६ मध्ये मायकेल फॅरडेने धातूच्या पत्र्याने मढवलेल्या खोलीवर बाहेरून विजेच्या ठिणग्या पाडल्या, तेव्हा आतल्या उपकरणाला भार सापडला नाही. चंदेरी पिशवी हीच खोली आहे, पण तोंड बंद असेल तरच. तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. नावाची चिठ्ठी स्टेपल करू नका, कारण पिनेमुळे पिशवीला भोक पडतं. आणि मदरबोर्ड पिशवीच्या वर ठेवून संरक्षण मिळत नाही, तो आतच हवा.

सुटे आयसी टोचायला कार्बनमिश्रित काळा फोम उत्तम. तो सगळे पाय एकमेकांना जोडतो, त्यामुळे पायांमध्ये व्होल्टेजचा फरक उरत नाही. फोम चिकट झाला किंवा त्याचा भुगा पडू लागला की फेकून द्या, नाहीतर पाय गंजतात. सेल बसवलेला बोर्ड मात्र या फोमवर ठेवू नये, सेल उतरतो.

सगळ्याच गोष्टींना एवढं जपायची गरज नाही. साधे रेझिस्टर, स्विच, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर नेहमीच्या प्लास्टिकच्या खणांत खुशाल ठेवा. जपायचे ते मॉस्फेट, ४००० मालिकेतले सीमॉस (आत मॉस्फेटच असलेले) आयसी, मायक्रोकंट्रोलर, रॅम, लेझर डायोड आणि, बऱ्याच जणांना माहीत नसतं, निळे-पांढरे एलईडीसुद्धा.

पिशवी उघडण्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, बाहीवरून नव्हे, कातडीला लागून. त्याच्या वायरीत १ मेगाओमचा रेझिस्टर असतो. अंगावरचा भार त्यातून काही सहस्रांश सेकंदांत उतरतो. आणि चुकून २३० व्होल्टच्या वायरीला हात लागलाच, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. त्यामुळे नुसती तांब्याची वायर गुंडाळून घरगुती पट्टा अजिबात करू नका. त्याने आयसी वाचेल, पण मेन्सला हात लागला तर जीव जाऊ शकतो.