पार्श्वभूमी : माउंट व्हर्ननचे घर जोत्यापासून कसे सुटले

पोटोमॅक नदीकाठच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराचे 1858 च्या सुमाराचे एक छायाचित्र आहे. नदीकडच्या दुमजली ओसरीचे काही खांब कुजून गेले आहेत आणि त्यांच्या जागी छताला टेकू म्हणून जहाजाच्या डोलकाठ्या उभ्या केल्या आहेत. व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्ननवर 2023 मध्ये जे मोठे दुरुस्तीचे काम हाती घेतले गेले, त्याची कहाणी या डोलकाठ्यांपासून सुरू होते. घर पडायला आले आहे, हे तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींवरूनही दिसत होते. त्यानंतर जे बिघडले ते गिलाव्यामागे, भिंतीच्या तळाशी. आणि बिघडायला बऱ्याच अंशी दुरुस्त्याच कारणीभूत होत्या.

हे घर एका दमात बांधलेले नाही. 1734 मध्ये जॉर्जचे वडील ऑगस्टीन यांनी दीड मजली घर बांधले. 1758 मध्ये जॉर्जने छप्पर वर नेऊन वरचा मजला पूर्ण उंचीचा केला. 1774 पासून उत्तर आणि दक्षिण टोकांना वाढीव भाग जोडले, नदीच्या बाजूला ओसरी काढली. काम निम्म्यावर असताना तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर गेला आणि देखरेख नात्यातल्या लंड वॉशिंग्टनकडे आली. प्रत्यक्ष हात होते ते भाड्याच्या आणि गुलामीत ठेवलेल्या सुतार-गवंड्यांचे. 1787 मध्ये घुमटीवर शांतीच्या पारव्याचा वातकुक्कुट चढला, तेव्हा कुठे बाहेरून घर पुरे झाले. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीकडे नीट पाहिले तर खिडक्या मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नाहीत. टप्प्याटप्प्याने वाढलेल्या घराची ही खूण उघड्यावर राहिली आहे.

लाकडी सांगाड्याच्या दृष्टीने असे घर म्हणजे वेगवेगळ्या वेळी उभे केलेले सांगाडे, एकाला एक बांधलेले. जिथे जुना भाग संपतो आणि नवा लागतो, तिथे वाऱ्याचा आडवा जोर एका भागातून दुसऱ्यात नीट जात नाही. उत्तर टोकाचा मोठा दिवाणखाना तर दोन मजले उंच आहे. मध्ये तक्तपोशी नाही, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवणारे आडवे बंधनच नाही. वॉशिंग्टनच्या पाहुण्यांना जी खोली सर्वात देखणी वाटे, ती अभियंत्याच्या लेखी सर्वात नाजूक.

भिंती दगडाच्या वाटतात, पण आहेत पाइनच्या फळ्यांच्या. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांचे सांधे असल्याचा भास आणला आहे आणि ओल्या रंगावर वाळू फेकली आहे. असे का, हे वॉशिंग्टनने स्वतः लिहून ठेवले आहे: टिकाऊपणा आणि दगडाचे रूप, दोन्ही साधते. रूप साधले. पण फळीमागे उभ्या लाकडांचा सांगाडा, आणि त्याच्या तळाशी दगड-विटांच्या जोत्यावर आडवी ठेवलेली जाड तुळई. इंग्रजी सुतारकामात तिला सिल म्हणतात. सगळे घर या सिलवर बसते. उभ्या लाकडाच्या तळाचे कुसू सिलच्या खाचेत जाते, आणि त्या सांध्यातूनच वजन, वारा, हादरा सारे जोत्यात उतरते.

आपल्याकडच्या वाड्यात खांबाखाली दगडी तळखडा असतो, लाकूड जमिनीपासून वर राहते, खांबाचे बूड कोरडे राहते. सिल मात्र जोत्याच्या चुन्यावर पूर्ण लांबीभर पडून असते. तळघराची ओल खालून चढते, पावसाचे पाणी फळीच्या सांध्यातून आत शिरून खाचेतच साचते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर ते शतके टिकते. पंचवीस-तीस टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, आणि मागोमाग वाळवी येते. वरचा पातळ थर शाबूत दिसतो, टोच्या घातला की मुठीपर्यंत आत जातो.

माउंट व्हर्ननमध्ये पूर्वीच्या दुरुस्त्यांत हेच झाले: वाळवीने खाल्लेली सिल आणि उभ्या लाकडांची बुडे कापून काढली आणि त्या पोकळीत वीटकाम भरले. वीट कुजत नाही, वजनही पेलते, म्हणून त्या वेळी ते शहाणपणाचेच वाटले असणार. पण विटेला कुसू धरत नाही. लाकडी सांगाडा जोत्यावर बसलेला राहिला, जोडलेला राहिला नाही. वजन सरळ खाली जात असेपर्यंत काही जाणवत नाही. जोराचे वादळ किंवा भूकंप आला, तर सांगाड्याला सरकण्यापासून धरून ठेवणारे फारसे काही उरलेले नसते.

या दुरुस्त्या कोणाच्या हातून होत गेल्या, तेही पाहायला हवे. वंशज जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन तिसरे यांना घर पेलवत नव्हते. केंद्र सरकार आणि व्हर्जिनिया राज्य दोघांनीही खरेदीला नकार दिला. मग 1853 मध्ये अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी महिलांची संस्था उभी केली. दोन लाख डॉलरला सौदा ठरला 1858 मध्ये. त्यातले 69 हजारांहून अधिक त्या काळचे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट यांच्या व्याख्यानांतून आणि लेखनातून आले. 1860 मध्ये घर ताब्यात आले आणि आजही ते त्याच संस्थेकडे आहे, सरकारी पैशाविना. त्या बायकांनी घर वाचवले, यात शंका नाही. पण वाचवलेले घर लोकांना दाखवायचे ठरले, आणि त्याने घरावरचा भारच बदलला. राहत्या घराची जमीन आजच्या अमेरिकी नियमांनुसार दर चौरस मीटरला सुमारे 195 किलोच्या भाराला धरतात, गर्दीच्या जागेची सुमारे 490 किलोला. कुटुंबासाठी घातलेल्या कड्यांवरून, म्हणजे जमिनीच्या फळ्यांखालच्या आडव्या लाकडांवरून, वर्षाला लाखो पावले जाऊ लागली.

म्हणून 2023 पासूनच्या कामाचा गाभा रंगरंगोटी नाही. सांगाडा आणि जोते पुन्हा एकमेकांत गुंतवणे, तळघराची ओल आवरणे, हवा-तापमानाची यंत्रणा बदलणे, असे ते आहे. चार कोटी डॉलरचा खर्च ऐकायला मोठा वाटतो, पण सिल बदलण्याचे काम कसे चालते ते पाहिले की त्यातले कष्ट कळतात.

आधी वरचा भार काढून घ्यायचा. कड्यांखाली तात्पुरत्या तुळया आणि जॅक लावून घर उचलायचे, तेही जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर, सिलवरचे वजन सुटेल इतकेच. इथे मोह आवरावा लागतो. जुने घर एका बाजूला खचलेले असते आणि जॅक हाताशी आला की ओळंब्यात आणावेसे वाटते. पण गिलावा, चौकटी, छताची नक्षी त्या खचलेल्या आकाराशी जुळून गेलेली असतात. घर सरळ केले की तीच तडकतात. मग एका वेळी मीटर-सव्वा मीटरचा तुकडाच काढायचा, शेजारचा नव्हे, एक सोडून पुढचा. नवे लाकूड व्हाइट ओकचे असलेले बरे. त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून पाणी शोषत नाही. रेड ओकच्या नळ्या उघड्या, त्यातून पाणी सहज चढते. उभ्या लाकडाचे कुजलेले बूडच कापायचे आणि तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडायचा, म्हणजे वरचे अठराव्या शतकातले लाकूड जागेवर राहते. जोत्यात सिमेंट नको, चुनाच हवा. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती वाट काढत पुन्हा लाकडातच येते. शेवटी जॅक एकदम सोडायचे नाहीत. दिवसादिवसाने, प्रत्येक वेळी भिंतीवरच्या तड्यांची नोंद घेत.

तळघरात मात्र सुतार, अभियंता कोणालाही आधी हात लावता आला नाही. जमीन खणण्याआधी पुरातत्त्वज्ञ उतरले. 1770 च्या दशकात घातलेल्या विटांच्या फरशीखाली त्यांना साठवणीचे पाच खड्डे सापडले आणि त्यांत 35 काचेच्या बाटल्या, त्यांतल्या 29 अखंड. 2024 मध्ये ही बातमी जगभर गेली. आत चेरी होत्या, काहींत गूजबेरी किंवा करंटसारखी फळे. देठ, बिया, पाणी सारे जसेच्या तसे. वरच्या घरातले लाकूड ज्या ओलीने कुजवले, त्याच जमिनीत ही फळे काचेच्या बाटल्यांत अडीचशे वर्षे राहिली.